उसना श्वास

जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, तसा तो सगळा प्रकार होता. रुग्णवाहिका बोलावण्यासाठी लोक ज्या नंबरवर फोन करतात, त्या नंबरच्या पलीकडे एक लांबलचक हॉल होता. हॉलमध्ये चोवीस टेबलं, चोवीस माणसं. फोन वाढलेत, माणसं पुरत नाहीत, पाणी प्यायलाही उठता येत नाही, असं त्या चोवीस जणांनी वरच्या कार्यालयाला सात वेळा लेखी कळवलं होतं. आठव्या वेळी उत्तर आलं. माणसं आली नाहीत. आरामखुर्च्या आल्या चार, डोळ्यांवर चढवायचे काळे डबे आले चार, आणि छातीला बांधायचे पट्टे आले चार.

जुन्या फायलींची खोली रिकामी करून तिला फिका हिरवा रंग दिला गेला आणि दारावर 'शांतता कक्ष' अशी पाटी लागली. पाटी वाचायला वेळ कुणाला होता? सगळे तिला जंगल म्हणायला लागले. नवव्या टेबलावरचा गृहस्थ, ज्याचं तोंड कधी बंद नसायचं म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, तो तर आठवड्यातल्या आपल्या पाळीला उठताना दर वेळी ओरडायचा, "जंगलात जाऊन येतो रे! वाघानं खाल्लं तर गाडी पाठवा, पत्ता माहीत आहे तुम्हाला."

डबा डोळ्यांवर चढवला की खुर्ची, भिंत, हॉल सगळं नाहीसं व्हायचं आणि माणूस खरोखरच एका जंगलात उभा असायचा. समोर एक उघडंबोडकं झाड. छातीवरचा पट्टा श्वास मोजायचा. श्वास सावकाश आणि एकसारखा चालला की झाडाला पानं फुटायची, अडखळला की गळायची. बारा मिनिटांनी डबा काढला की पडद्यावर शंभरापैकी एक आकडा आलेला असायचा. तुम्ही तेवढे शांत.

या खोलीचं काम मावशींकडे आलं. मावशी आधी हॉलची साफसफाई बघायच्या. "तुमचा चेहरा शांत आहे मावशी, तुम्हीच बघा ही खोली," असं हॉलचे साहेब म्हणाले, आणि झालं. डबे पुसायचे, पट्ट्याच्या आतली पट्टी ओल्या फडक्यानं ओली करायची, माणूस बसला की पट्टा बांधायचा, पडद्यावर त्या माणसाचं नाव आणि पट्ट्याचा नंबर निवडायचा, आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभं राहून फडक्यांच्या घड्या घालायच्या. बारा मिनिटं खोलीत कुणी बोलायचं नाही. मावशींना न बोलण्याची सवय होती.

अकराव्या टेबलावर त्यांची सून होती. घरात आता दोघीच. मावशींचा मुलगा फुप्फुसाच्या आजारानं चार वर्षं अंथरुणावर होता आणि त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. शेवटच्या वर्षी त्याला धाप लागली की मावशी त्याच्या पाठीशी टेकून बसायच्या आणि स्वतः सावकाश श्वास घ्यायला लागायच्या. घाई नाही, आवाज नाही. हळूहळू त्याची पाठ त्यांच्या छातीबरोबर चालायला लागायची. डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, कुणी शिकवलेलं नव्हतं. तान्ह्या पोराला छातीशी धरून झोपवतात तसंच ते होतं, फक्त पोर चौतीस वर्षांचं होतं.

जंगल सुरू झालं तेव्हा साहेबांनी सगळ्यांना सांगितलं होतं की हे आकडे फक्त तुमच्यासाठी आहेत, बाकी कुणी बघणार नाही. साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. दोन महिन्यांनी भिंतीवर कागद लागला: ज्यांचा आकडा सलग तीन आठवडे चाळीसच्या खाली राहील, त्यांना विश्रांती देण्यात येईल. सोळाव्या टेबलावरच्या बाई पहिल्यांदा विश्रांतीला गेल्या. मग बाविसावं टेबल रिकामं झालं. विश्रांतीला गेलेलं माणूस परत आलेलं कुणी पाहिलं नाही, आणि त्यांचे फोन उरलेल्यांच्या वाट्याला आले. आगीतून फुफाट्यात. त्या आठवड्यात हॉलमधल्या प्रत्येकाचा आकडा पाचेकानं घसरला.

सुनेचा पहिल्या आठवड्यात अडतीस आला. दुसऱ्या आठवड्यात पस्तीस.

"पुढच्या मंगळवारी मला काढतील, आई," भांडी विसळता विसळता ती म्हणाली.

"काढत नाहीत गं. विश्रांती देतात."

"तुम्ही पण असंच बोलणार?"

मावशींनी हातातला टॉवेल खुंटीला लावला. "बरं, काढतात. मग काढू देत की. दोन वर्षं झाली, तू एक रात्र धड झोपलेली नाहीस. ताटातलं संपवत नाहीस. बस चार महिने घरी."

"इथे?" सुनेनं नळ बंद केला. "इथे बसले की त्याचाच खोकला ऐकू येतो. भिंतीतनं येतो, बाथरूममधनं येतो. तिथे निदान दुसऱ्यांचे आवाज असतात कानात. त्यांना काहीतरी सांगता येतं, गाडी पाठवता येते. इथे मी कुणाला गाडी पाठवू? मी वेडी होईन, आई. तुम्ही काहीही करा, पण मला घरी बसू देऊ नका."

सहा वर्षांत तिनं सासूकडे काही मागितलेलं नव्हतं. मागितलं ते हे.

मंगळवारी ती जंगलात आली तेव्हा मावशींनी तिला तीन नंबरचा पट्टा बांधला. तो बंद होता; सुनेला ते घरीच सांगून ठेवलं होतं. चालू होता तो चार नंबरचा, आणि तो त्यांनी मघाशीच स्वतःच्या छातीला बांधून वरून कामाचा लांब डगला घातला होता. पडद्यावर सुनेचं नाव निवडलं, चार नंबर निवडला, आणि त्या आपल्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन फडक्यांच्या घड्या घालायला लागल्या. सावकाश. सुनेच्या मानेकडे बघत, तिच्या खांद्यांकडे बघत, जशा मुलाच्या पाठीकडे बघायच्या तशा.

बारा मिनिटांनी पडद्यावर आलं: एक्क्याण्णव.

सुनेनं डबा काढून मांडीवर ठेवला. "पानं आली," ती म्हणाली. "एवढी आली की वरचं दिसेना. माझी नाहीत हे माहीत होतं, तरी आली तेव्हा रडू आलं."

"हळू बोल," मावशी म्हणाल्या.

साखर उसनी मागतात, वाटीभर पीठ मागतात. श्वास उसना देता येतो हे मावशींना त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा अभिमानही वाटला. मुलाला दिलेला श्वास पुरला नव्हता. हा पुरत होता. पुढच्या मंगळवारी ब्याण्णव. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्र्याण्णव. हॉलमधल्या कुणालाही साठाच्या वर जाता येत नव्हतं. जरा कमी दिला पाहिजे, पंचेचाळीस-पन्नासावर ठेवला पाहिजे, हे शहाणपण मावशींना सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण हात आखडता घेता येईना. सुनेच्या झाडाची पानं आपण होऊन गाळायची? ते त्यांच्यानं होईना.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. चौथ्या मंगळवारी साहेब स्वतः हॉलमध्ये आले आणि सगळ्यांसमोर सुनेचं कौतुक केलं. इतक्या ताणात इतकं शांत राहणारं माणूस या इमारतीत आहे याचा आपल्याला अभिमान वाटतो, म्हणाले. आणि शेवटी म्हणाले की, उद्यापासून लाल टेबल त्यांच्याकडे.

टाळ्या वाजल्या. रेडिओ तेवढा वाजला नाही. तो सुनेकडे बघत होता.

लाल टेबलाचा रंग लाल नव्हता. इतर टेबलांवर फोन आला, पत्ता विचारला, गाडी पाठवली की सुटका होती. ज्या फोनमध्ये समोरचा सांगायचा की माणसाचा श्वास चालत नाही, तो फोन लाल टेबलावर जायचा, आणि गाडी दारात पोचेपर्यंत तिथल्या माणसानं फोन सोडायचा नसायचा. छाती कुठे दाबायची, किती जोरात दाबायची, हे एकामागून एक मोजत सांगायचं. अधूनमधून विचारायचं, छाती आपोआप वर येते का? येत असेल तर दर वेळी 'आता' म्हणा. मग पलीकडून कुणीतरी म्हणायचं, आता. मग बराच वेळ काही नाही. मग, आता. त्यानंतर पुष्कळदा काहीच यायचं नाही.

"नाही म्हणून सांग त्यांना," मावशी घरी म्हणाल्या.

"काय सांगू? मला जमत नाही म्हणून? त्र्याण्णव आहे माझा." सून हसली. "आणि कमी झाला तर विचारतील, एकाएकी कसा झाला? मग तुमचं नाव येईल."

"येऊ दे."

"नाही येऊ देणार."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. मावशी दर मंगळवारी श्वास घेत राहिल्या, सून दर मंगळवारी पानं बघत राहिली, आणि मधल्या दिवसांत ती लाल टेबलावर बसून लोकांचे शेवटचे श्वास मोजत राहिली. असे दहा आठवडे गेले. सुनेचे केस हातात यायला लागले. ती घरी आली की कानांत बोटं घालून बसायची. आणि कागदावर ती हॉलमधली सगळ्यात शांत बाई होती.

अकराव्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी सुनेचा आकडा आला चौऱ्याण्णव. दुपारी लाल टेबलावर एका मुलीचा फोन आला. वडील जेवता जेवता खाली पडले होते. सुनेनं पत्ता घेतला, गाडी पाठवली, विचारलं, "छाती वर येते का? दर वेळी 'आता' म्हणा." मुलीनं एकदा 'आता' म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

इथून पुढे छाती दाबायला सांगायचं होतं. हजार वेळा सांगितलेलं, झोपेतही म्हणता येईल असं. सुनेचे ओठ उघडले आणि आतून काही आलंच नाही. साडेचार मिनिटं ती पडद्याकडे बघत बसली. तिच्या कानात ती मुलगी ओरडत होती, "हॅलो! आहात का? काय करू सांगा ना! आहात का तुम्ही?" रेडिओच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं धावत जाऊन तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. तोवर त्या घरात गाडी पोचली होती. गाडीवाल्यांनी वडिलांवर चादर घातली.

त्यानंतर नऊ दिवस सून घरी होती. हो-नाहीच्या पुढे बोलत नव्हती. दहाव्या दिवशी चौकशी बसली, तीही जंगलातच, कारण इमारतीत दुसरी रिकामी खोली नव्हती. टेबलाच्या त्या बाजूला साहेब, वरच्या कार्यालयातून आलेल्या एक वकीलबाई, आणि ज्या कंपनीनं डबे दिले तिथला एक किडकिडीत यंत्रवाला. या बाजूला सून. पट्टे कोण बांधतं हे सांगायला मावशींना बोलावलं होतं.

वकीलबाईंनी ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवलं. मुलीचं ओरडणं, आणि या बाजूला काहीच नाही.

"हे बघा," वकीलबाई सुनेला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कठोर नव्हता, "माणूस खचतं, वाचा बसते, आम्हाला कळतं. तसं असेल तर हा आजार आहे. उपचार होतील, रजा मिळेल, तुमच्यावर बोट ठेवू देणार नाही आम्ही कुणाला. पण आजाराचा पुरावा कुठे आहे? त्याच दिवशी सकाळी चौऱ्याण्णव. तीन महिने नव्वदच्या वर. इतकं शांत माणूस साडेचार मिनिटं नुसतं ऐकत बसतं, याला मी काय म्हणू? निष्काळजीपणाच म्हणावा लागेल. मग कागद पोलिसांकडे जातील. त्या मुलीनं तक्रार दिलीच आहे."



"तो श्वास तिचा नाही," मावशी म्हणाल्या. "माझा आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन नंबरचा बंद पट्टा, चार नंबरचा चालू पट्टा, डगला, फडक्यांच्या घड्या. बोलताना त्या साहेबांकडे बघत होत्या. "तिचा खरा आकडा पस्तीस होता, साहेब. आता तर तेवढाही नसेल. ती आजारी आहे. मी लपवलं. शिक्षा करायची ती मला करा, पण तिला आजारी लिहा."

मग यंत्रवाल्यानं मान वर केली. त्याला पहिल्यांदाच कशात तरी रस वाटलेला दिसला. "तपासता येईल," तो म्हणाला. "माझ्याकडे यांच्या नावावरच्या सगळ्या श्वासांच्या रेषा आहेत. मावशींनी आत्ता करून दाखवलं आणि रेषा जुळली, तर प्रश्नच मिटला."

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" साहेब म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. "बसा मावशी. नव्वदच्या जवळ जरी आलं, तरी मी माझ्या हातानं हिला आजारी लिहितो."

नव्वदच्या जवळ. मावशींना हायसं वाटलं. हे तर त्या झोपेतही करू शकल्या असत्या. त्या खुर्चीत बसल्या, पट्टा बांधला. डबा नको म्हणाल्या, पण यंत्रवाला म्हणाला, नियमाप्रमाणे डब्यासकटच. इतके महिने पुसलेला तो डबा त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांवर घेतला.

जंगल सुरेख होतं. समोर झाड, त्याला एकही पान नाही. कानात एक बाई गोड आवाजात म्हणाली, इथे घाबरण्यासारखं काही नाही. मावशींनी श्वास आत घेतला आणि सुनेकडे बघायला मान वळवली. तिथे सून नव्हती. झाडं होती. कुणाच्या पाठीकडे बघून श्वास घ्यायचा हेच त्यांना कळेना. त्यांनी मुलाची पाठ आठवून पाहिली. पण मुलासाठी श्वास घेताना एक सोय होती: तो जाणार हे ठरलेलं होतं. त्याला भीती वाटू नये एवढंच करायचं होतं, आणि तेवढं त्यांना जमत होतं. इथे वाचवायचं होतं. वाचवायचं आहे असं मनात आलं आणि श्वास घशातच अडकला. हळू, हळू, असं स्वतःला बजावलं तसा तो जास्तच धावायला लागला. झाडाला चार पानं आली, ती गळली. पुन्हा दोन आली, तीही गळली. पान पडताना आवाज होतो हे सुनेनं कधी सांगितलं नव्हतं.

"एकतीस," यंत्रवाला म्हणाला.

"डब्यामुळे झालं," मावशी म्हणाल्या. "पुन्हा करते. येतं मला. साहेब, देवाशप्पथ येतं मला."

पुन्हा बारा मिनिटं. सव्वीस.

तिसऱ्यांदा यंत्रवाल्यानं स्वतःहून डबा काढला, नुसत्या पट्ट्यावर घेऊन बघू म्हणाला, सुनेलाही त्यांच्या समोर बसवलं. बिचाऱ्यानं आपल्याकडून होईल तेवढं केलं. पण आता मावशींना समोर सुनेचा चेहरा दिसत होता, आणि सून एकटक त्यांच्याकडे बघत होती. चार मिनिटांनीच यंत्रवाल्यानं मान हलवली. "रेषा कुठेच जुळत नाही."

"मावशी," साहेब हळूच म्हणाले, "सुनेसाठी सासू इतकं जिवाचं रान करते, हे बघून खरंच बरं वाटलं. पण आता पुरे."

"पुरे कसं?" वकीलबाई म्हणाल्या. "यांनी साक्ष दिली आहे. खरी असेल तर कार्यालयाच्या यंत्रात ढवळाढवळ केली, आणि त्यात एक माणूस गेला. खोटी असेल तर चौकशीत खोटं बोलल्या. दोन्हीपैकी एक मला लिहावंच लागेल."

तेव्हा सून बोलली. नऊ दिवसांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली, आणि तेही लाल टेबलावर बोलायची तशा स्वच्छ, न अडखळणाऱ्या आवाजात.

"आईंचं काही लिहू नका. मुलगा गेल्यापासून त्यांचं मन ठिकाणावर नसतं, काहीतरी बोलतात. श्वास माझाच होता. पट्टा दर वेळी माझ्याच छातीला होता. त्या दिवशी मला काही झालं नव्हतं. मला ऐकू येत होतं सगळं. मीच बोलले नाही."

"खोटं बोलतेय ती!" मावशी पट्ट्यासकट उठून उभ्या राहिल्या. "साहेब, खोटं आहे हे! मला वाचवतेय ती! अगं, सांग ना त्यांना, तुझ्या पाया पडते, सांग!" पडद्यावरची रेषा वरखाली उसळत होती. यंत्रवाला वाकला आणि त्यानं पडदा बंद केला.

वकीलबाईंनी तिच्या जबाबाच्या दोन ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या आणि कागद टेबलावरून पुढे सरकवला. सुनेनं तो स्वतःकडे फिरवून घेतला.

"सही कुठे करायची?" तिनं विचारलं.